सासूबाईंच्या हाताचा गुण

"आई, तुमच्या रोपाचा डीएनए चौपट झालाय!" असं ओरडत जावईबापू थेट स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा सासूबाईंच्या हातातली बशी सुटता सुटता राहिली.

जावईबापू वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पण अजून कायम न झालेले. थंड, कोरड्या डोंगरावरच्या फुलझाडांच्या पेशीत डीएनए कमी असतो आणि सुखवस्तू जागी जास्त, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्यासाठी त्यांनी डोंगरावरून एकाच जातीची दोन रोपं आणली होती. एक प्रयोगशाळेत गारठ्यात ठेवलं, दुसरं सासूबाईंच्या खिडकीत.

"एका जन्मात डीएनए असा वाढत नाही म्हणतात. पुस्तकं बदलावी लागणार आता!"

"बापू, जरा माझं ऐका..."

"तुमच्या घरात मीसुद्धा वाढलोच की!" बापूंनी पोटावरून हात फिरवला आणि व्याख्यानाच्या तयारीला पळाले. त्याच व्याख्यानावर त्यांची नोकरी कायम व्हायची होती.

खरं तर खिडकीतलं डोंगरावरचं रोप कधीच गेलं होतं. सासूबाईंनी मायेपोटी त्याला उठता बसता पाणी घातलं आणि मुळं कुजली. मग त्यांनी नर्सरीतून तसंच दिसणारं दुसरं आणून गुपचूप लावलं. सांगायचं होतं, पण या माणसापुढे बोलायला मिळेल तर ना!

व्याख्यानाला सासूबाईंना मानाने पुढे बसवलं होतं. बापूंनी आलेख दाखवला, टाळ्या पडल्या. विभागप्रमुख उठून म्हणाले, "आजच जगाला कळवू!"

जग म्हटल्यावर सासूबाईंचा धीर सुटला. एवढ्या भल्या माणसाचं जगभर हसं व्हावं, हे त्यांना बघवेना.

"थांबा," त्या उभ्या राहिल्या. "ते रोप मी पाणी घालून घालून मारलं. हे नर्सरीतलं आहे. बापूंना कुणी हसू नका, चूक माझी आहे."

बापूंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "हरकत नाही! प्रयोगशाळेतलं तर अस्सल आहे ना? त्याच्यावरून पुन्हा सुरुवात करू!"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला.

"विषय निघालाच आहे तर..." ते बुटांकडे बघत म्हणाले, "सुट्टीत त्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी साफ विसरलो. आत्ता आहे ते आमच्या गॅलरीतलं आहे."

बापूंची नोकरी त्याच दुपारी कायम झाली. सही विभागप्रमुखांनीच करायची होती, आणि त्यांनी ती कागद न वाचताच केली.