शिरोडकर काकूंची लादी

आमच्या मजल्यावर खाण्याचं काही खाली पडलं की पहिला आवाज त्या पडलेल्या वस्तूचा येतो आणि दुसरा शिरोडकर काकूंचा. "हात लावू नकोस!" या दोन आवाजांच्या मध्ये साधं बिस्कीटसुद्धा उचलून होत नाही. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत गॅलरी सामाईक, पाण्याची टाकी सामाईक, भांडणंही सामाईक. पण खाली पडलेल्या अन्नाचा निकाल लावायचा अधिकार एकट्या काकूंचा. तो त्यांना कुणी दिलेला नाही, आणि काढून घ्यायची कुणाची छाती नाही.

काकू तीसेक वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे आणि त्यांचं नाव लिहून डॉक्टरांकडे पाठवायचं, हे त्यांचं काम. काकू निवृत्त झाल्या, पण त्यांचं जंतूंशी असलेलं वैर निवृत्त झालं नाही. पाच सेकंदांच्या आत उचललं तर चालतं, हे शास्त्र माझी धाकटी शाळेतून शिकून आली, तेव्हा काकूंनी तिला दारातच धरलं. "जंतू काय घड्याळ लावून बसतात का गं? पाच मोजून मग चढतात?" पोरगी घाबरून म्हणाली, "मी फुंकर मारते ना." झालं. "फुंकर म्हणजे वरून स्वतःची थुंकी. तेवढीच राहिली होती!"

या बाबतीत मी स्वतः जखमी माणूस आहे. एका रविवारी ताट घेऊन गॅलरीत बसलो होतो. तव्यावरून नुकतीच उतरलेली सुरमईची मधली तुकडी, घरात एकच उरलेली, ताटातून घसरली. मी डावीउजवीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वाकलो.

"सुधीर!"

काकू चिमटा घेऊन आल्या, तुकडी उचलली आणि कागदात गुंडाळून डब्यात टाकली. निदान मांजराला तरी द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याने काय पाप केलंय?" मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप आणि विमा कंपनीत सहायक व्यवस्थापक होतो. त्या तुकडीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हा पुढचं जे सांगतोय, ते काकूंच्या चाहत्याने सांगितलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

शिरोडकर काका बायकोच्या अगदी उलट. शिवडीच्या गोदामात मालाची मोजदाद ठेवणारे टॅली क्लार्क होते. मूळचे मालवणकडचे. बोलणं मोजकं आणि जेवण भरपूर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मग तो डाव्यातही आला. आधी सही गेली, मग चहाचा कप अर्धाच भरायला लागला, आणि मग काकांचं जेवणच आटलं. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. "भूक नाय." शर्टाची कॉलर मानेभोवती गोल फिरायला लागली. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: सोमवारी वजन करू, आणखी उतरलेलं असलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

काकूंनी यावर आपल्या परीने युद्ध पुकारलं. पोटात जंतू गेल्याशिवाय माणसाची भूक जात नाही, हे त्यांचं ठाम मत. लादी दिवसातून दोनदा पुसायच्या, ती चारदा पुसायला लागल्या. पाणी दोनदा उकळायला लागल्या. काका जेवायला बसले की समोर उभं राहून प्रत्येक घासावर लक्ष ठेवायला लागल्या. काकांचं जेवण आणखी कमी झालं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी काका गॅलरीत एकटे उभे होते. माझ्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. पुढे केली. काकांनी आधी आपल्या दाराकडे पाहिलं, मग मूठभर घेतले. हात थरथरला आणि एक दाणा खाली पडला. काकांनी झटकन त्यावर चप्पल ठेवली. बहात्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा असा झाला की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.

"भूक लागता रे," ते हळूच म्हणाले. "पण हात थाऱ्यार नाय. घास पडता. आणि तिचो आवाज माका घास पडायच्या आधीच आयकाक येता."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"तिका सांगू नको. तिका वाईट वाटतला."

घरी आल्यावर मी मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" मेधा कुठल्या भाषेत सांगेल हे मला माहीत होतं, म्हणून मी सांगतो म्हटलं. आणि मग तीन दिवस काकूंना टाळत हिंडलो. रोज सकाळी काका दिसायचे, रोज जरा कमी दिसायचे, आणि मला माझीच लाज वाटायची.

शनिवारी गेलो. काकू ओट्यापाशी कोलंबी सोलत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहून एका दमात सगळं बोलून टाकलं. काकूंचे हात थांबले.

"त्यांनी तुला असं सांगितलं?"

"हो."

"तुला?"

एवढ्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याने भूक सांगितली ती शेजाऱ्याला. काकूंनी पुन्हा कोलंबी हातात घेतली. दोन-तीन सोलून झाल्या. मग मागे न वळताच म्हणाल्या, "उद्या जेवायला ये. साडेबाराला."

रविवारी मी आणि काका टेबलाशी बसलो. तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं. लादी आरशासारखी पुसलेली, फिनेलचा वास अजून घरात. काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, मुद्दाम असाव्यात. काकांचा पहिला घास तोंडात गेला. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, कोलंबीला लावला, हात वर नेला. अर्ध्या वाटेत हात हलला. घास खाली पडला, लादीवर लाल डाग उमटला.

काकांनी हात मांडीवर ठेवला. "माका पुरे," ते म्हणाले.

काकू वळल्या. त्यांनी आधी लादी पाहिली, मग काकांना. तोंड उघडलं. मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जाऊन नळी घालून येणारे काका मला समोर दिसायला लागले.

काकूंनी तोंड मिटलं. टेबलाचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि काकांच्या खुर्चीपाशी लादीवर बसल्या. तो घास बोटांनी उचलला. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. लादीवर काय काय असतं, हे आमच्या मजल्यावर नावानिशी फक्त त्यांनाच माहीत आहे. त्यांनी घास तोंडात टाकला आणि नीट चावून गिळला.

"अहो, मीठ कमी झालंय," त्या म्हणाल्या. "बोलला नाहीत ते?"

काका बघतच राहिले. "अगो, ता खाली पडला होता."

"बघितलं मी. तुम्ही जेवा. पडलं तर पडलं, मी बसलेय इथे."

काकांनी पुन्हा तुकडा मोडला. तो तोंडात गेला. पुढचा पडला, तो काकूंनी खाल्ला. त्याच्या पुढचे दोन गेले, मग एक पडला. मला रडू येत होतं आणि मी मान खाली घालून भाकरी चावत होतो. सुरमईची ती तुकडी मी त्या क्षणी काकूंना माफ करून टाकली.

भाकरी संपली. काकांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग खाली बायकोकडे.

"अगो, आणखी एक वाढ."

काकूंनी उठायला टेबल धरलं आणि पुन्हा सोडलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सुधीर, तू वाढ रे. मला काही आता इथून उठता यायचं नाही."

मी उठलो आणि टोपलीतली सगळ्यात मोठी भाकरी बघून काकांना वाढली.