जे आधी होईल ते

जगात तापणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात : ज्यांच्यासाठी नियम आहे, आणि ज्या नियमाची वाट न बघता तापतात. मोटारीचं इंजिन पहिल्या प्रकारात येतं. ते तापू नये म्हणून त्याच्या आतून एक रंगीत पाणी फिरवतात, त्याला कूलंट म्हणतात. हे पाणी जुनं झालं की आत गंज धरतो, नळ्या चोंदतात आणि इंजिन एके दिवशी चहाच्या किटलीसारखं वागू लागतं. म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं असतं. किती काळाने, हा प्रश्न सामान्य माणूस गॅरेजवाल्याला विचारून पाच मिनिटांत मिटवून टाकतो. सामान्य माणसाच्या हातून अशी घाई होतेच.

आमच्या कार्यालयाने या प्रश्नाला नऊ वर्षं दिली.

आमचं कार्यालय म्हणजे विलंब निवारण कार्यालय. इतर कार्यालयांत कामं वेळेवर होतात की नाही हे अचानक जाऊन तपासायचं, हे आमचं काम. (अचानक येत असल्याचं पत्र आम्ही पंधरा दिवस आधी पाठवतो. नाहीतर समोरच्यांची धांदल उडते आणि अचानकपणा नीट तपासता येत नाही.) कार्यालयाला गाडी एक आणि ड्रायव्हर एक. गाडी पांढरी आहे. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात, संचालक मॅडमसुद्धा. मी कूलंट बदल समितीचा सचिव. आपल्या तोंडाने सांगू नये, पण समितीची सगळी इतिवृत्तं माझ्या हातची आहेत आणि त्यांत एक खाडाखोड दाखवा, मी नोकरी सोडतो.

गाडी नवी आली तेव्हा तिच्याबरोबर एक पुस्तिका आली होती. पान एकशे बारा : ‘कूलंट दोन वर्षांनी किंवा चाळीस हजार किलोमीटरनंतर, जे आधी होईल ते, बदलावे.’ दोन वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी मामा पुस्तिका घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

“साहेब, दोन वर्षं झाली. कूलंट बदलून घेऊ? तासाभराचं काम आहे.”

तासाभराचं काम तासाभरात केलं तर कार्यालयाची गरजच काय, हे मी त्यांना शांतपणे समजावलं. मग समिती नेमली. अध्यक्ष मॅडम, सदस्य भांडारपाल, सचिव मी. पहिली बैठक चाळीस मिनिटं चालली आणि एकमताने ठराव झाला. ठराव असा : ‘बघू.’ भांडारपालांनी ‘कोण बघणार?’ अशी शंका काढली, ती मी त्यांच्या नावासह नोंदवून घेतली. तेव्हापासून ते शंका काढत नाहीत.

दुसऱ्या बैठकीत मी तो मुद्दा मांडला, ज्यामुळे आज आजूबाजूच्या कार्यालयांत मला मान आहे. मी म्हटलं, “मॅडम, नियम म्हणतो, जे आधी होईल ते. बरोबर? पण आधी काय झालं हे ठरवायला दोन्ही गोष्टी व्हायला नकोत का? शर्यतीत एकच गडी पोहोचलाय, दुसरा अजून वाटेत आहे, आणि आपण पहिल्याच्या गळ्यात हार घालून मोकळे! दुसरा आल्याशिवाय पहिला पहिला आहे हे सिद्ध कसं होणार?”

मॅडम म्हणाल्या, “बिनतोड.” माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. (हे मी घरी बोलून दाखवलं. बायको म्हणाली, “मलाही नव्हता झाला.”)

तेव्हा ठरलं की चाळीस हजार किलोमीटर होईपर्यंत थांबायचं, मग दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवून कोण आधी ते बघायचं आणि त्याप्रमाणे ताबडतोब कूलंट बदलायचं. ‘ताबडतोब’ हा शब्द मामांच्या समाधानासाठी घातला. मामांनी मात्र कपाळाला हात लावला. आमची गाडी वर्षाला जेमतेम तीन-साडेतीन हजार किलोमीटर फिरायची.

पुढच्या नऊ वर्षांत समितीच्या तेवीस बैठका झाल्या. त्यांतल्या अकरा, सदस्य तीनच असूनही, पुरेसे सदस्य नसल्यामुळे तहकूब झाल्या. सहा बैठका मागच्या तहकुबीबद्दल खेद व्यक्त करण्यात गेल्या. एक बैठक मॅडमना आणायला गेलेली गाडी वाटेत गरम होऊन, न थांबता पण मुंगीच्या गतीने आल्यामुळे उशिरा सुरू झाली, पण तो विषय त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर नव्हता. दोन बैठका कूलंटच्या रंगावर झाल्या. मामांनी गाडी थंड असताना झाकण उघडून बाटलीत नमुना काढून आणला होता. मुळात हिरवं असलेलं ते पाणी आता विटकरी झालेलं. भांडारपालांचं मत, ‘हिरवट’. माझं मत, ‘हिरव्याच्या वाटेवर नसलेलं’. मॅडमनी चष्मा घरी राहिल्याचं सांगून तटस्थ राहणं पसंत केलं. उरलेल्या बैठकांत काय झालं ते मलाही आठवत नाही, पण इतिवृत्त सुंदर आहे.

एकदा मामांनी स्वतःच कूलंटचा नवा डबा आणून भांडारपालांच्या टेबलावर ठेवला. “माझ्याकडून समजा,” म्हणाले. भांडारपालांनी डब्याला हात लावला नाही. कार्यालयाच्या इंजिनात एका कर्मचाऱ्याचं खासगी कूलंट! उद्या इंजिनाने मामांचंच ऐकायला सुरुवात केली तर? डबा नोंद करून कपाटात कुलूपबंद झाला.

मामा तसे हिकमती. इंजिन तापू लागलं की ते गाडीतला हीटर पूर्ण सोडायचे. इंजिनातली उष्णता गाडीत येते, काटा खाली उतरतो. ऐन उन्हाळ्यात, काचा खाली करून, हीटर लावून मॅडम अचानक तपासणीला जायच्या आणि घामाने निथळत, लालबुंद होऊन उतरायच्या. समोरच्या कार्यालयाचे लोक त्यांचा तो अवतार बघून चळाचळा कापायचे. त्या वर्षी आमच्या कार्यालयाला ‘सर्वाधिक परिणामकारक तपासणी’ची ढाल मिळाली. कूलंट न बदलण्याचे फायदे कुणी मोजत नाही, ही खंत आहे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मामांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली.

आमच्याकडे एक प्रमाणपत्र आहे. ज्या ड्रायव्हरच्या हाताखालची गाडी उभ्या सेवेत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, त्याला निरोपाच्या दिवशी ते मिळतं. आजवर कुणालाच मिळालेलं नाही. मामांची एकतीस वर्षं झाली होती, आणि एकदाही नाही. मामींनी पुढच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. जाता येता त्या मामांना चिडवायच्या, “अहो, खिळा गंजायला लागला. तुमचं कूलंट घालू का त्याला?”

मामा माझ्या टेबलापाशी आले. या वेळी हातात पुस्तिका नव्हती.

“साहेब, मला बाकी काही नको. एकतीस वर्षं मी घरच्यांचं कमी आणि इंजिनाचं जास्त ऐकलं. पोरीच्या लग्नात पंगतीतून उठून मी गाडीचं पाणी बघायला गेलो होतो. तेवढा एक कागद मिळाला ना, तर मी बायकोला सांगू शकेन की उगाच नाही उठलो. आता ही गाडी तीन महिने निघत नाही हो. काटा रोज लालात जातो. बदलू द्या ना.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्यावर टिप्पणी लिहिता येत नाही. मी मीटरचा आकडा विचारला. छत्तीस हजार. “मामा,” मी म्हटलं, “चार हजारच तर राहिले!”

मामांच्या डोक्यात उजेड पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कार्यालयाने गती पकडली. शेजारच्या रस्त्यावर तपासणी असली तरी मामा गावाबाहेरून वळसा घालून नेऊ लागले. टपाल गाडीने जाऊ लागलं. भांडारपालांना दाढदुखी झाली तर मामा त्यांना तीन गावं पलीकडच्या दंतवैद्याकडे घेऊन गेले. (तिथे पोहोचेपर्यंत हीटरच्या शेकाने दाढ थांबली होती.) एका कार्यालयाची अचानक तपासणी आठवड्यात चार वेळा झाली. चौथ्या वेळी तिथला कारकून रडला. हे सगळं मामा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून, डिकीत पाण्याचे चार कॅन घेऊन करत होते. तीन महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं.

शेवटचा दिवस उजाडला. चारला निरोपसमारंभ. मामी नवी साडी नेसून, हातात रिकामी काचेची चौकट घेऊन पहिल्या खुर्चीवर येऊन बसल्या. दुपारी अडीचला मामांनी गाडी आवारात आणली. मीटर : एकोणचाळीस हजार नऊशे शहाण्णव.

चार किलोमीटर. इमारतीभोवतीची एक फेरी दोनशे मीटरची, म्हणजे वीस फेऱ्या. रस्त्यावर जाण्याची जोखीम नको म्हणून मामा आवारातच फिरू लागले. सगळं कार्यालय खाली उतरलं. एरवी तीन जणांची बैठक भरत नाही, त्या दिवशी चौसष्ट माणसं उन्हात उभी राहून फेऱ्या मोजत होती. सात! अकरा! पंधराव्या फेरीला बॉनेटमधून वाफ येऊ लागली. “मामा, थांबवा!” कुणीतरी ओरडलं. “थांबवू नका!” आम्ही बाकीचे ओरडलो. एकोणिसावी फेरी संपली, आणि पायरीसमोर फुस्स करून गाडी उभी राहिली. वाफेच्या ढगात मामा दिसेनासे झाले.

मग ढगातून आवाज आला, “ढकला!”

आणि अहो, आम्ही ढकलली. मॅडमनी चपला काढून ढकलली. शेवटचे दोनशे मीटर चौसष्ट माणसांनी, एकमेकांच्या पाठीवर घाम गाळत. मीटर फिरलं : चाळीस हजार. इतका जल्लोष झाला की मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

समिती जागच्या जागी भरली. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. निर्णय : दोन वर्षं आधी झाली होती. कूलंट नऊ वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं. कपाट उघडून मामांचाच डबा काढला. इंजिन आता कूलंट घ्यायच्या पलीकडे गेलं होतं, त्यामुळे डबा त्याच्याशेजारी ठेवला.

राहिलं प्रमाणपत्र. मॅडमनी ते माझ्यापुढे सरकवलं. “भरा. गाडी रस्त्यात बंद पडली का?”

“आवारात पडली, साहेब,” मामा म्हणाले. चेहरा काजळी आणि वाफेने माखलेला. “रस्त्यात नाही. आवारात.”

मी पेन उघडलं. ‘नाही’ एवढा एकच शब्द लिहायचा होता. मामी चौकटीची काच पदराने पुसत होत्या. पण हाताला वळण ते वळण. आवार हा रस्ता होतो का? त्यात गाडी फिरली, वीस वेळा फिरली, मग रस्त्याने आणखी काय करायचं असतं? मी मान वर केली आणि म्हटलं, “बघू.”

याला आता दोन वर्षं होतील. ‘आवार म्हणजे रस्ता काय?’ समितीचा सचिव मीच आहे. मामी ती चौकट रिकामीच घेऊन गेल्या आणि तशीच खिळ्याला लावली, असं कळतं. मला त्याचं वाईट वाटतं, हे मी इतिवृत्तात नोंदवलंय.

तुम्ही हसताय. हसा. फक्त जाता जाता सांगा, तुमच्या गाडीचं कूलंट शेवटचं कधी बदललंत? आठवत नाही? बरं, तेही राहू द्या. तुमच्यापुढेही कुणाचा तरी एका शब्दाचा कागद पडून असेलच की. तो कधी भरताय?

काय म्हणालात?

वा. तुमची पहिली बैठक झाली. इतिवृत्त पाठवतो.