मंगळवारी आणि शुक्रवारी प्रेमला कुठे जाते?

गुप्तता कशाशी खातात हे निदान मला तरी कोणी शिकवू नये! खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी सगळी नोकरी काढली. कामावर लागलो त्या दिवशी साहेबांनी बजावलं होतं, आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की घरीसुद्धा बोललो नाही. मी तिथं नक्की काय करतो, हे माझ्या बायकोला, प्रेमलाला, कधी सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. लग्नाकार्यात कोणी खोदून विचारलंच तर मी नुसता हसायचो. समोरचा मनातल्या मनात तोफा मोजायला लागायचा आणि मला जेवणात एक जिलबी जास्त मिळायची.

रिटायर झालो, क्वार्टर सोडली, वाघोलीत फ्लॅट घेतला. आता सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणं एवढंच काम उरलं. बंगलोरला आयटीत असलेली आमची तनुजा सुट्टीला आली होती, तिनं माझ्या फोनवर पॉडकास्ट लावून दिले. चालता चालता ऐका, म्हणजे निदान तेवढा वेळ वॉचमनला सुट्टी मिळेल, असं पोटच्या पोरीनं मला सांगितलं. त्यात अभंग होते, शेती होती, शेअर बाजार होता. माझं बोट नेमकं पडलं ते डिजिटल गोपनीयतेवर.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या फेरीत कळलं की आपण कुठे जातो हे फोनला माहीत असतं. दुसऱ्या फेरीत कळलं की आपण काय विकत घेणार हे आपल्याआधी दुकानदाराला कळतं. तिसऱ्या फेरीला मी फेऱ्या थांबवून बाकावर बसलो. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, आपल्याबद्दल कोणाला किती कळावं हे ठरवायचा हक्क आपला कसा, हे एक मुलगी इतकं गोड समजावून सांगत होती की मला ऐकतच राहावंसं वाटलं. उभ्या आयुष्यात शाळेतलं एक पुस्तक मी एवढ्या उत्सुकतेनं वाचलं नव्हतं.

मग मी कामाला लागलो. तनुजाच्या जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. चपला घेताना दुकानदारानं मोबाईल नंबर मागितला, तर चपला तिथंच सोडून जुन्या झिजलेल्या घालून परत आलो. धातूच्या डब्यात फोनला बाहेरचं काही कळत नाही असं ऐकलं म्हणून फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, तर ऐन स्वयंपाकाच्या वेळी तूरडाळ वाजायला लागली. आणि मुख्य म्हणजे, आमचे चेअरमन बद्रीनाथ जिन्यात भेटले आणि रोजच्यासारखं "काय संपतराव, कुठे निघालात?" म्हणाले, तेव्हा मी शांतपणे उत्तर दिलं, "ते सांगणं माझ्यावर बंधनकारक नाही."

बद्रीनाथांचा चेहरा चहात माशी दिसल्यासारखा झाला. खरं तर मी कोथिंबीर आणायला निघालो होतो. पण संध्याकाळपर्यंत मी फ्लॅट विकतोय अशी बातमी पसरली, आणि दुसऱ्या दिवशी दोन एजंट दारात उभे!

हे सगळं ज्ञान मी रोज ओट्यापाशी उभा राहून प्रेमलाला द्यायचो. ती भाकरी थापत ऐकायची. मधूनच एखादा प्रश्न विचारायची. म्हणजे घरातल्यांनाही सगळं सांगायचं नसतं का, असं तिनं एकदा विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की व्यक्तिस्वातंत्र्य उंबरठ्यावर थांबत नाही. काय अवदसा आठवली आणि हे बोललो!

पुढच्याच मंगळवारी दुपारी प्रेमला खांद्याला नवी पिशवी अडकवून निघाली. मी सहज विचारलं, कुठे गं? ती चप्पल घालता घालता म्हणाली, "ते सांगणं माझ्यावर बंधनकारक नाही."

माझंच वाक्य, माझ्याच दारात! आणि ती गेलीसुद्धा.

संध्याकाळी परत आली तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मी विचारलं नाही, कारण तत्त्व माझंच होतं. पण ती परत येईपर्यंत मी तीनदा जिन्यात डोकावून यायचो. त्याच आठवड्यात पॉडकास्टवर मेटाडेटाचा भाग आला. माणूस काय बोलला हे कळलं नाही तरी चालतं म्हणे. तो कधी गेला, कधी आला, येताना कसा दिसत होता, एवढ्यावरून सगळं ताडता येतं. कंपन्या हेच करतात आणि हे किती वाईट आहे, हे त्या मुलीनं कळकळीनं सांगितलं. मी मात्र तो भाग दोनदा ऐकला, आणि नीट समजून घेतला.

मेटाडेटा असा होता. प्रेमला परत यायची तेव्हा केस ओले असायचे. डोळे लाल असायचे. आणि दोन भाकऱ्या जास्त खायची.

डोक्यावरून अंघोळ आणि रडलेले डोळे म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रेमला मयताला जाऊन येत होती. पण आठवड्यातून दोनदा, तेही ठरलेल्या वारी, कोण मरणार? मी बद्रीनाथांना गाठून ओळखीपाळखीत कोणी गेलं का ते विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि असं काही असलं तरी ते सांगणं आपल्यावर बंधनकारक नाही असं ऐकवून वर निघून गेले.

मला अजूनही ही सगळी गंमतच वाटत होती. पण एका सकाळी प्रेमला गॅलरीत फोनवर बोलत होती. पलीकडे खालच्या मजल्यावरच्या विजयमालाबाई होत्या. मी पडद्यामागे उभा होतो. मुद्दाम नव्हे, पडदा ठीक करत होतो. प्रेमला म्हणत होती, "श्वास जमतच नाही गं अजून. मध्येच कोंडतो. भीती वाटते, पण ती म्हणते हळूहळू होईल. यांना नको सांगूस."

श्वास कोंडतो. भीती वाटते. यांना नको सांगूस. म्हणजे लाल डोळे रडून लाल झालेले, आणि ही मला न सांगता एकटी कुठल्या तरी डॉक्टरकडे जातेय. भाकऱ्या का वाढल्या ते मला कळेना, पण औषधांनी भूक वाढते असं मी कुठे तरी ऐकलं होतं. त्या दिवशी कानात काही न घालता मी फेऱ्या मारल्या. ही गेली तर आपलं काय, या एका विचारापुढे बाकीचं काही सुचत नव्हतं.

विजयमालाबाईंना विचारून पाहिलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलंच असेल. ते वाक्य आता सगळ्या बी विंगला पाठ झालं होतं.

शेवटी मी ते केलं. पॉडकास्टवर एक भाग होता, आपल्यावर कोणी पाळत ठेवतंय हे कसं ओळखायचं. तो उलटा ऐकला की पाळत कशी ठेवायची ते आपोआप कळतं. प्रेमला अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन उघडला. आकडा तनुजाच्या वाढदिवसाचा, असा आकडा ठेवू नये हे मीच तिला बजावलेलं. तिचा फोन कुठे आहे हे माझ्या फोनवर दिसेल अशी सोय करून ठेवली आणि फोन होता तसा ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यालो, ते जिवाच्या काळजीनं की चोरीच्या भीतीनं ते सांगता येणार नाही.

शुक्रवारी निळा ठिपका नगर रस्त्यानं निघाला आणि एका हॉस्पिटलच्या भिंतीला चिकटून थांबला.

मी रिक्षा केली. रस्त्यावरचे कॅमेरे चेहरा ओळखतात हे शिकल्यापासून मी बाहेर पडताना टोपी, काळा चष्मा आणि मास्क लावत असे, तसाच निघालो. काउंटरवरच्या मुलीला बायकोचं नाव सांगितलं आणि कोणत्या डॉक्टरांकडे आहे ते विचारलं. तिनं मान हलवली. पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही, असं ती नम्रपणे म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या तरी गोपनीयतेचा संताप आला!

बाहेर येऊन फोन बघितला. ठिपका हॉस्पिटलात नव्हताच, थोडा मागे होता. गल्लीतून मागे गेलो. उंच भिंत होती आणि आतून बायकांचे आवाज, मध्येच शिट्टी. हॉस्पिटलच्या मागे शिट्टी कशाला वाजते ते कळेना. भिंतीलगत कोणी तरी पेव्हर ब्लॉक रचून ठेवले होते. मी त्यावर चढलो आणि डोकं वर काढलं.

निळंशार पाणी होतं. त्यात रबरी टोप्या घातलेल्या बायकांची डोकी होती. भिंतीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'महिलांची बॅच. पुरुषांस सक्त मनाई.' ते मी वाचेपर्यंत एक डोकं किंचाळलं, मग सगळीच किंचाळली, आणि मागून कोणी तरी माझी कॉलर धरून मला खाली ओढलं.

त्या सुहासिनीबाई, तिथल्या सिक्युरिटी. टोपी, काळा चष्मा आणि मास्क बघून त्यांची खात्रीच पटली. ऑफिसात नेऊन त्यांनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सवयीनं, बाहेर पडलं, "ते सांगणं माझ्यावर बंधनकारक नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पोलिसांना लावायला फोन उचलला.

मग मी जो सुटलो! नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आधार कार्ड टेबलावर ठेवलं. मोबाईल नंबर दिला, तोही न मागता. तनुजाची कंपनी, माझी पेन्शन, उपाशीपोटीची साखर, सगळं सांगितलं. जे मोठमोठ्या कंपन्यांना माझ्याकडून मिळालं नव्हतं ते सुहासिनीबाईंनी पाणीसुद्धा न पाजता मिळवलं. शेवटी म्हणालो की माझी बायको आत आहे, तिला बोलवा.

प्रेमला आली. डोक्याला निळी टोपी, अंगाभोवती पंचा, डोळे लालभडक, मागे विजयमालाबाई. सुहासिनीबाईंनी विचारलं, "ह्यांना ओळखता का?"

प्रेमलानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"सांगणं बंधनकारक आहे का?"

"आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"मग ओळखते. नवरा आहे."

रिक्षात तिनंच सांगितलं की पोहताना पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा असतो, तो तिला जमत नव्हता. डोळे पाण्यातल्या औषधानं लाल होतात. माहेरच्या विहिरीत भाऊ उड्या मारायचे आणि ही काठावर त्यांचे कपडे राखत बसायची, तेव्हापासून पोहायचं मनात होतं. मी म्हटलं, मग मला सांगायचं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही रोज काठावर उभं राहून सूचना दिल्या असत्या."

खोटं कशाला बोलू, एकदोन सूचना मला भिंतीवरूनच सुचल्या होत्या.

मग मी गॅलरीतलं फोनवरचं बोलणं, हॉस्पिटल, सगळं सांगितलं. मी फार घाबरलो होतो, हेही सांगितलं. तिनं माझा हात धरला. पण फोनचं कळल्यावर सोडला. "विचारायचं होतंत पुन्हा," ती म्हणाली. "तुम्ही माझा फोन चोरून उघडलात. मी कधी तुमचं काही उघडलं का? कारखान्यात काय करायचात ते तरी विचारलं?"

"ते गुपित होतं, प्रेमला."

"खोकी करायचात."

खरंच, मी दारूगोळा भरायची लाकडी खोकी करायचो. सगळी नोकरी खोकीच केली.

"रोज पँटच्या खिशात भुसा निघायचा. बोटातली कुसळं सुईनं मीच काढायचे. तोफा करणाऱ्याच्या बोटात कुसळं जातात होय?"

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं ना. चारचौघांत तुम्ही तसे हसायचात, तुम्हाला बरं वाटायचं. मी कशाला मध्ये बोलू?"

रिक्षा वाघोलीच्या गर्दीत अडकली होती. एवढे पॉडकास्ट ऐकले, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर मी तिच्यासमोर ती ठिपक्याची सोय बंद केली. तिनं फोनचा आकडा बदलला. नवा मला माहीत नाही आणि मी अंदाजही केलेला नाही. म्हणजे दोनदाच केला.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्वतः तिची पिशवी दारात आणून ठेवतो. परवा म्हणे तिनं तलावाची लांबी न थांबता पार केली. मी सूचना दिल्या नाहीत.

गेल्या महिन्यापासून मात्र ती गुरुवारीही जाते. कुठे ते मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. केस कोरडे असतात, एवढंच तुमच्या कानावर घालून ठेवतो.