एक मत गहाळ

निवडणुकीशिवाय गाव चालत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. निवडणुका नव्हत्या तेव्हा गावं कशी चालायची, असं विचारणारे लोक बहुधा पडलेले उमेदवार असतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

तापीकाठच्या आमोदेघाट ग्रामपंचायतीचा वॉर्ड नंबर चार या बाबतीत आदर्श मानावा लागेल. वॉर्डात दोन गल्ल्या, एक गुजरांची, एक पाटलांची. गुजर गल्लीचा उमेदवार कायम शांतीलाल, निशाणी छत्री. पाटील गल्लीचा कायम पितांबर, निशाणी शिडी. (दोघांच्या विचारसरणीत काय फरक होता, हे दोघांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.) १९५२ साली तलाठ्याने चावडीवर मतदारयादी वाचली आणि दोन्ही बाजूंनी बोटं मोजली. गुजर गल्ली त्रेचाळीस. पाटील गल्ली त्रेचाळीस. यादीत नावं मात्र सत्त्याऐंशी.

सत्त्याऐंशीवं नाव कौसाबाईचं होतं. ती गुजर नाही, पाटीलही नाही. नवरा तापीवर नाव चालवायचा, तो वारलेला. मूलबाळ नाही. घर दोन गल्ल्यांच्या मधोमध, म्हणजे पुढचं दार गुजर गल्लीत उघडायचं आणि मागचं पाटील गल्लीत. त्या दोन्ही दारांतून वर्षानुवर्षं कोणी आत आलेलं नव्हतं. आदल्या वर्षी ती तापाने पाच दिवस अंथरुणात पडून होती, आणि गावाला ते सहाव्या दिवशी कळलं, तेही तिनेच बाहेर येऊन सांगितलं म्हणून. आपण एकटीच मरून पडू आणि कोणाला पत्ता लागणार नाही, या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. ती हे सगळ्यांना सांगायची. लोक मान डोलवायचे आणि पुढे जायचे.

यादी वाचली त्याच दिवशी पुढच्या दारातून शांतीलाल तांब्याभर दूध घेऊन आला. मागच्या दारातून पितांबर आला आणि वर बघत उभा राहिला.

"माय, छप्पर गळस का?" त्याने विचारलं.

"गळस ना भाऊ," कौसाबाई म्हणाली. "तुन्ही गल्लीकडे जास्त गळस."

शांतीलालला तिने उलटी बाजू दाखवली. आठ दिवसांत दोन्ही बाजूंची कौलं बदलली गेली.

मतदानाच्या दिवशी ती पडद्याआड गेली. समोर दोन पेट्या, एकीवर छत्री, एकीवर शिडी. हातात मताची एक चिठ्ठी. छत्रीत टाकावी तर शिडीवाला रुसेल, शिडीत टाकावी तर उद्यापासून दूध बंद. बाई अडाणी होती, पण झाकली मूठ सव्वा लाखाची हे तिला ठाऊक होतं. तिने चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली आणि घरी येऊन ज्वारीच्या कणगीत ठेवून दिली. मोजणीत त्रेचाळीस-त्रेचाळीस निघाली. निवडणूक अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं, 'एक मतपत्रिका गहाळ. मतदाराने खाल्ली असल्याचा संभव आहे.'

आता विचार करा. शांतीलालची खात्री होती की कौसामासीने मत आपल्यालाच दिलं. म्हणजे गहाळ मत आपल्याच गल्लीतल्या कोणा फितुराचं. पितांबरचीही हीच खात्री होती, आपल्या गल्लीपुरती. दोघांनी आपापल्या चुलतभावांची कसून चौकशी केली, आणि कौसाबाईचं दूध मात्र दुप्पट झालं. तिला कोणी थेट विचारलंच तर ती म्हणायची, "ज्याले द्यानं व्हतं, त्याले दिधं." यात खोटं काहीच नव्हतं.

वॉर्डाचा निवडणूक इतिहास थोडक्यात असा :

१९५२ : छत्री ४३, शिडी ४३, गहाळ १. चिठ्ठी टाकून शांतीलाल विजयी.

१९५६ : छत्री ४७, शिडी ४७, गहाळ १. चिठ्ठी टाकून पितांबर विजयी.

१९६० : छत्री ५१, शिडी ५१, गहाळ १. पुन्हा शांतीलाल. (चिठ्ठी काढायचा लोटा दर वेळी तोच होता, याची दोन्ही पक्षांनी दखल घेतली आणि पुढे तो कुलपात ठेवला.)

आकडे सारखेच कसे राहिले, असं कोणी अडाणी विचारेल. त्यासाठी दोन्ही गल्ल्यांनी अतोनात कष्ट घेतले. एका बाजूचा मुलगा एकवीस वर्षांचा झाला की दुसरी बाजू कुठून तरी माणूस आणायची. पाटलांनी खांडबारा स्टेशनवर नोकरीला असलेला भाचा बिछान्यासकट उचलून आणला. गुजरांनी तापीपलीकडून घरजावई आणला. १९५६ ते १९६० या काळात वॉर्डात घरजावई सात आले. त्याआधीच्या दोनशे वर्षांत एकही आला नव्हता. म्हाताऱ्यांची तर चैन झाली. नव्वदीच्या आजोबांना सुना हाताला धरून उन्हात बसवायच्या. मतदान झालं की आत न्यायला विसरायच्या, ही गोष्ट वेगळी.

पण सगळ्यांत जास्त निगा कौसाबाईची. सकाळचं दूध गुजर गल्लीचं, संध्याकाळचं पाटील गल्लीचं. वॉर्डातला रस्ता एकूण बावीस फूट झाला. अकरा फूट तिच्या पुढच्या दारापर्यंत, अकरा फूट मागच्या. रस्त्यावरचे दोन कंदील तिच्याच दोन दारांवर. १९५६च्या थंडीत तिला एकदा शिंक आली, तर दोन बैलगाड्या सुटल्या. एक कळसाडीहून वैद्य घेऊन आली, दुसरी शहाद्याहून डॉक्टर. दोघांचं निदान सारखंच निघालं, म्हणजे बरोबरी इथेही सुटली नाही. रोज कोणी ना कोणी दारात उभं राहून "कशी शे माय?" विचारायचं, आणि कौसाबाई दर वेळी मन लावून उत्तर द्यायची. तिला सगळ्यांत गोड लागायचं ते हेच. बारा वर्षं ती सुखात होती आणि तसं म्हणायचीही.

१९६४ साली दोन्ही बाजू छप्पन-छप्पन झाल्या होत्या. मागच्या फितुरीचा धडा घेऊन या वेळी प्रत्येकाच्या हातावर तापीचं पाणी घालून शपथा झाल्या. शपथ घेतली नाही ती फक्त कौसाबाईने, कारण तिला विचारायची कोणाची हिंमत नव्हती. आणि मतदानाच्या सकाळी, केंद्र उघडायच्या आत, शांतीलालचे मगनकाका चहाची बशी हातात घेऊनच गेले.

शांतीलालने हंबरडा फोडला. काका चांगले होते. त्यांचं मत त्याहून चांगलं होतं. सगळ्यांत आधी सांत्वनाला आला तो पितांबर. चेहरा दुःखी होता, पाय मात्र ठरत नव्हते. छप्पनला पंचावन्न! मिरवणुकीचा डफ त्याने तिरडीच्या आधी सांगून ठेवला.

कौसाबाई नावाड्याची बायको; नावेत एका बाजूला माणूस जास्त झालं की काय होतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पितांबर सरळ निवडून आला, तर उद्यापासून तिची गरज ना त्याला, ना पडलेल्या शांतीलालला.

"पितांबर निवडी उना तं मन्हा दारशी कोन यी?" ती स्वतःशीच म्हणाली.

चिठ्ठी घरी आणायची तर नाव बुडते. नाव सावरायची तर एकच रस्ता. ती पडद्याआड गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा मत टाकलं. छत्रीच्या पेटीत.

छत्री ५६, शिडी ५६, गहाळ शून्य. चिठ्ठी टाकून पितांबर विजयी. अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं, 'प्रथमच सर्व मतपत्रिका मिळाल्या. मतदारांत जागृती झाल्याचे दिसते.'

कौसाबाईने नाव सावरली होती. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. शांतीलालची माणसं पंचावन्न, मतं छप्पन. हे गणित चौथीच्या वर्गातलं आहे, आणि गुजर गल्लीत सातवीपर्यंत शिकलेली माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं नाही. संध्याकाळीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुढच्या दारावरून जाणाऱ्या शांतीलालला हाक मारली.

"मासी, तू तं आमनीच शे," तो प्रेमाने म्हणाला, आणि ते खरंही होतं. "घरना मानूसले काय इचारानं?" आणि तो निघून गेला.

मग ती मागच्या दारात गेली. पितांबर गुलालाचे कपडे वाळत घालत होता.

"ज्याले दिधं त्याकडे जाय, माय," तो म्हणाला. रागावला नव्हता. नुसता मोकळा झाला होता.

अधिकारी अजून चावडीवरच होता, कारण पेट्या न्यायची गाडी आली नव्हती. कौसाबाई काठी टेकत तिथे गेली आणि पेट्यांसमोर बसली.

"साहेब, मन्हं मत परत भेटी का?"

अधिकारी सज्जन होता. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, आणि चष्मा पुसून म्हणाला, "आजी, दिलेलं मत परत करण्याची तरतूद नाही. पुढची निवडणूक अडुसष्ट साली."

"तवलोंग कोन इचारी मले?"

याचीही तरतूद त्याला सापडली नाही.

वाचकांना इथे हसू येईल. खुशाल हसावं, बाई अडाणी होती, मत देऊन मग परत मागायला गेली. मात्र हसण्यापूर्वी आपण आजवर किती वेळा मत दिलं, आणि त्यानंतर आपल्या दारात "कसे आहात" म्हणून कोण आलं, एवढं बोटांवर मोजून घ्यावं. कौसाबाईने ती चूक एकदाच केली.