सामान्य माणूस मिळेना

सोसायटीच्या नव्या टाकीचं उद्घाटन पुढाऱ्याऐवजी सामान्य माणसाच्या हस्ते करायचं ठरलं आणि श्यामसुंदरांचं नाव एकमतानं निघालं. ते एकमतच त्यांना फार लागलं. नेरूळच्या त्या सोसायटीत पार्किंगवरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं.

त्यात उद्घाटनाच्या रविवारीच त्यांच्या मुलीच्या, अबोलीच्या लग्नाची बोलणी होती. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, वडीलधाऱ्यांचा होकार तेवढा बाकी. आणि गेटवरच्या फळ्यावर ‘सामान्य माणूस श्री. श्यामसुंदर’ वाचत व्याही जिना चढणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना. घरात फोन आहे, रंगीत टीव्ही आहे, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, असं सांगत ते सेक्रेटरी उदयसिंहांच्या मागे लागले. रविवारी सकाळी उदयसिंहांनी वैतागून नाव पुसलं. बिल्डिंगभर विचारूनही दुसरं कुणी सामान्य व्हायला तयार नव्हतं.

तरी श्यामसुंदरांची धास्ती जाईना. व्याह्यांच्या कानावर आधीच गेलं असेल तर? मंडळी टेकताच त्यांनी रिसीव्हर उचलून फोन चालू असल्याचं दाखवलं. साहेब आपल्याला विचारल्याशिवाय सही करत नाहीत, उलव्याला जमीन बघतोय, असंही ठोकून दिलं. त्यांच्या पत्नी जयमालाबाई डोळ्यांनी दटावत होत्या, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

मुलाचे वडील हौसेराव एपीएमसीतले कांद्याचे व्यापारी. त्यांनी कप खाली ठेवला.

“घर मोठं हाय तुमचं. आमी पडलो सामान्य माणसं. आमाला न्हाई झेपायचं.”

ट्रे घेऊन बाहेर येणारी अबोली दारातच थबकली. श्यामसुंदर घाईघाईनं पुढे सरकले.

“अहो, मीच सामान्य आहे. सोसायटीत कुणालाही विचारा.”

सकाळपासून ते पहिल्यांदाच खरं बोलले होते आणि नेमका त्यावरच कुणाचा विश्वास बसेना. एवढ्यात माणूस शोधत दारोदार फिरणारे उदयसिंह दारात येऊन थांबले. हौसेरावांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

“सामान्य ना तुम्ही? मग चला खाली. नारळ फोडायचाय.”

हौसेराव ताडकन उठले. “सामान्य कुणाला म्हंता? मार्केटात दोन गाळे हायेत माजे.”

“आत्ताच म्हणालात, झेपत नाही.”

“न झेपायला काय झालं? असली चार घरं झेपतील. वहिनी, साखर आणा. ठरलं लगीन.”

हे वाक्य फिरायच्या आत जयमालाबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. उदयसिंहांनाही मिळाली. ते नारळ घेऊन तसेच उभे राहिले.

“पण माझं काय? खाली लोक खोळंबलेत.”

“आणा इकडं,” जयमालाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “मी फोडते.”