जमानत वाचेल

पांढरीपांडेकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. गाव, पगार, लग्न झालंय की नाही, काहीच नाही. बँकेने माझी साताऱ्याहून जबलपूरला बदली केली होती. चेरीतालमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता, सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि काका व्हरांड्यातल्या खुर्चीवरून न उठता म्हणाले, "साताऱ्यात तुमच्या शेजारचे कुणाला देऊन राहिले या वेळी?"

"काय देऊन राहिले?"

"मत, मॅडम. आपल्याजवळ दुसरं आहे काय द्यायला?"

दोन दिवसांच्या प्रवासाने माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, शेजारच्या मानेवहिनी जो साडी वाटेल त्याला देतात. काकांचा चेहरा एकदम खुलला. "पाहा. तुमचं विचारलं असतं, तर तुम्ही मला विकास, शिक्षण सगळं ऐकवलं असतं. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलते. शेजाऱ्याबद्दल कधीच नाही." एवढं बोलून त्यांनी मला किल्ली दिली.

काका तोफखान्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. पेटीतले दोन-चार नग उचलायचे, घासून-ठोकून पाहायचे आणि अख्ख्या पेटीचा निकाल द्यायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त झाल्यावर नग संपले, तेव्हा त्यांनी माणसं धरली. विधानसभेची निवडणूक लागली की काका काठी घेऊन निघायचे, गल्लीगणिक दोन-चार दारं ठोठावायचे आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचे, "आपके पड़ोसी किसको दे रहे हैं?" लोक आनंदाने सांगायचे. दुबेजींना विचारलं की गुप्ताजींचं कळायचं, गुप्ताजींना विचारलं की दुबेजींचं आणि शिवाय दुबेजींच्या जावयाचं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर काका मग निकाल सांगायचे. कोण येईल, किती फरकाने येईल, कोणाची जमानत जाईल. ते खरं ठरायचं. मोठ्या पक्षांची माणसंसुद्धा गुपचूप टपरीवर येऊन कान लावून बसायची.

आता इतका बरोबर अंदाज सांगणारा माणूस खूश असायला हवा. काका कायम सुतकात. निकाल सांगून झाला की ते एक घोट चहा घेत आणि घरासमोरच्या उघड्या गटाराकडे काठी करून म्हणत, "कोणीही येऊ द्या. नाली हीच." ती नाली मीही रोज नाकाला रुमाल लावून ओलांडत होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

"मग हा उपद्व्याप करता कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मला जो यावा वाटते तो हरते. जिंदगीभर पाहून राहिलो. निदान अगोदर माहीत असलं म्हणजे त्या दिवशी जेवण तरी जाते."

हा माणूस अंदाज फक्त निवडणुकीचा काढी म्हणाल, तर नाही. माझ्या बढतीच्या मुलाखतीला मी निघाले होते, नवी साडी नेसून. काका खालून म्हणाले, "नाही होणार, मॅडम. तुमच्या साहेबांच्या घराशेजारी आमचे एक फॅक्टरीवाले राहतात, त्यांना विचारलं मी." झाली नाही. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, किंवा तोही अंदाज त्यांनी अगोदरच काढून ठेवला असेल.

काकांना एकच मुलगी, नीलिमा. मिश्रांच्या घरी दिलेली, शहरातल्याच मदनमहलला राहते आणि चेरीतालच्या एका शाळेत शिकवते. शाळेच्या फाटकासमोरही तीच नाली. तिच्या वर्गातली एक मुलगी त्यात पडली आणि तिचा पाय मोडला. नीलिमाने अर्ज केले, महापालिकेच्या साहेबांच्या दारात बसली, आमदारांच्या बंगल्यावर जाऊन चहा पिऊन परत आली. शेवटी डोकं फिरल्यावर माणूस जे करतो ते तिने केलं. विधानसभेला अपक्ष म्हणून फॉर्म भरला.

चिन्ह मिळालं फुलगोबी, म्हणजे आपला फ्लॉवर. ऐन थंडीचे दिवस, बाजारात जिकडेतिकडे गोबीचे ढीग. तिच्या शाळेतल्या चार बायका म्हणाल्या, बघा, फुकटात प्रचार. काका म्हणाले, "गोबी खाणारा गोबीला मत देत नाही." घरात एवढीच चर्चा झाली.

फॉर्म मागे घेण्याची मुदत आता संपली होती. त्याच आठवड्यात नीलिमा स्कूटीवरून आली आणि व्हरांड्यात काकांसमोर उभी राहिली. मी जिन्यात होते.

"बाबा, मी जिंकणार नाही हे मला माहीत आहे. एवढंच सांगा, जमानत वाचेल का?"

एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याइतकीही मतं पडली नाहीत की उमेदवाराची अनामत जप्त होते. पैशाचं कुणाला काही नसतं, पण 'जमानत जब्त' हा शब्द इकडे माणसाच्या कपाळावर बसतो तो बसतोच. नीलिमाच्या सासूने आधीच सांगून ठेवलं होतं, जमानत गेली की हे सगळं थोतांड बंद, शाळाही बंद. वाचली तर मात्र तोंड उघडायला जागा राहणार होती.

"असं बसल्या बसल्या नाही सांगता येत," काका म्हणाले. "फिरून येतो. रविवारी ये."

ती जाताना जिन्यापाशी थांबली. मी म्हटलं, अगं, आपल्याच वडिलांना काय विचारतेस, ते चांगलंच सांगतील. ती हसली. "दीदी, तुम्ही बाबांना ओळखत नाही. आई दवाखान्यात होती ना, डॉक्टर सगळे म्हणून राहिले होते की ठीक होईल. आईने बाबांना विचारलं, मी घरी जाईन ना? बाबा म्हणाले, वाटत नाही. आई भिंतीकडे तोंड करून झोपली ती मग कोणाशी बोललीच नाही." थोडं थांबून म्हणाली, "म्हणून तर त्यांना विचारते. बाकी सगळे खोटं बोलतात."

काकांचे गुडघे त्या थंडीत फार दुखत होते, म्हणून शनिवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. हौस म्हणून नव्हे. हा म्हातारा कुठे पडला, तर उचलायला मलाच धावावं लागणार होतं.

पहिल्याच दारात एक काकू म्हणाल्या, "नीलू बिटिया? अरे, हम तो उसी को देंगे. अपनी बच्ची है."

"और पड़ोसी?"

"पड़ोसी का क्या है भैया. वो तो जिधर पंगत, उधर."

दुसऱ्या दारात तेच. हम तो बिटिया को देंगे, पर बाजूवाले नहीं देंगे. तिसऱ्या दारात तेच, चौथ्या दारात तेच, वर चहा. ज्यांच्याबद्दल पहिल्या काकू म्हणाल्या होत्या की ते पंगतीकडे जातात, ते स्वतः डोळ्यांत पाणी आणून सांगत होते की गोबीशिवाय बटन दाबणार नाही, पण त्या पहिल्या काकूंचा काही भरवसा नाही. दुसऱ्या कुणी हा सर्व्हे केला असता, तर नीलिमा मंत्री झाली असती. काकांच्या पद्धतीने तिला अख्ख्या गल्लीत एक मत नव्हतं.

मी काकांकडे बघायचं टाळत होते. ते प्रत्येक दारात मान हलवत होते, "अच्छा, चलो" म्हणत होते आणि पुढच्या पायरीकडे काठी टाकत होते. प्रत्येक पायरीवर त्यांना जास्त वेळ लागत होता.

शेवटचं घर आमच्या समोरच्या गुप्ताजींचं. काकांनी तोच प्रश्न विचारला. गुप्ताजी मोठ्याने हसले. "हमारे पड़ोसी तो आप ही हैं, पंडरपांडे जी." इकडच्या लोकांनी काकांचं आडनाव असंच वाकवून घेतलं होतं.

"तो बताओ."

"आप? आप बिटिया को थोड़े देंगे. आप तो उसको देंगे जो जीत रहा है. आपका हिसाब नहीं बिगड़ना चाहिए."

गुप्ताजी गमतीत बोलले होते. काकाही हसले. घरी येऊन मात्र ते व्हरांड्यात बसले आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मी चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली. उद्या ही पोरगी येणार, आणि हा माणूस तिच्या तोंडावर जे आहे ते सांगणार. मला त्यांचा धाक असा कधीच नव्हता, पण त्या संध्याकाळी मी देवाला हात जोडले की ह्यांना उद्या ताप येऊ दे.

ताप आला नाही. नीलिमा आली. काकांनी तिला समोर बसवलं, चष्मा पुसला, घसा खाकरला आणि टपरीवर सांगत तशाच कोरड्या आवाजात म्हणाले, "जिंकणार नाहीस. दुसऱ्या नंबरवरही नाही. जमानत वाचेल. थोडक्यात वाचेल, पण वाचेल."

मी दारातून वाकून काकांचा चेहरा पाहिला.

"खरं, बाबा?"

"मी कधी खोटं सांगून राहिलो तुला?"

नीलिमा ओठ दाबून रडायला लागली आणि रडता रडता उठून स्कूटीची किल्ली शोधायला लागली, कारण अजून तीन वस्त्या व्हायच्या होत्या. ती गेल्यावर मी काकांना गाठलं. "काका, काल आपण दोघं एकाच गल्लीत फिरलो ना?"

"तुमचे कान कमजोर आहेत, मॅडम. दाखवून घ्या."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि तो माणूस कारागीर किती पक्का, हेही कळलं. जिंकशील म्हणाले असते, तर तिने विश्वास ठेवला नसता. तिच्या मापाचं, नेमकं बसेल एवढंच खोटं त्यांनी घासूनपुसून दिलं होतं. मतदानापर्यंत नीलिमा जमिनीवर नव्हती. सासूसुद्धा गप्प होती. पंडरपांडेजींचा शब्द म्हटल्यावर काय बोलणार? टपरीवर लोकांनी माना हलवल्या, पण मान्य केलं.

मतमोजणीच्या दिवशी काका टीव्हीसमोर बसले नाहीत. मी मोबाइलवर बघत होते. एकेक फेरी होत गेली. नीलिमाचं नाव खाली, खाली, इतर अपक्षांच्याही खाली आणि शेवटी 'नोटा'च्या खाली. यांच्यापैकी कोणीच नको म्हणणारे लोकही तिच्याहून जास्त निघाले.

टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणालं, बेटी का मोह है, जान के झूठ बोला. तेव्हा मात्र काका उसळले. "झूठ नहीं बोला. हिसाब ही गलत हो गया. अब दिमाग नहीं चलता मेरा." जन्मात कधी नाही ते चारचौघांत म्हणाले, आणि लोकांना पटेपर्यंत म्हणत राहिले. मोहाने खोटं बोलला असं ठरलं असतं, तर ते नीलिमाच्या कानावर गेलं असतं. म्हातारचळ लागला हे त्यांना चालणार होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. काही महिन्यांनी लोकसभा आली. काकांनी टपरीवर असा काही आचरट अंदाज सांगितला, की चहावाल्यानेही तोंड फिरवलं. त्याआधी माझ्याकडे वरच्या मजल्यावर वीजबिल द्यायला आले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी खरा निकाल सांगून टाकला होता. तसाच लागला. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं, आणि आता ते जन्मभर ठिकाणावर नाही असं दाखवणं भाग होतं. त्यानंतर त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. नाक्यावरून जाताना लोक रामराम करत, पण थांबत नसत. काका व्हरांड्यात बसून त्या नालीकडे बघत राहत. एकदा धाप लागली म्हणून मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीचे कागद पाहिले आणि ते मला बाजूला बोलवायला लागले. काका म्हणाले, "इथेच सांगा, मला अंदाज आहे." मग डॉक्टरांनी जे काही सांगितलं, ते आम्ही दोघांनी ऐकलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नीलूला नाही सांगायचं."

त्याच्या पुढच्या रविवारी नीलिमा आली. हल्ली ती दर रविवारी येते, कारण बाबा अंदाज चुकल्यामुळे खचले आहेत असा तिचा समज आहे. सासूने बोलायचं ते बोलून घेतलं होतं, शाळेतली नोकरी सुटली होती, आणि ही हरलेली पोरगी वडिलांची समजूत काढत त्यांच्या पायाशी बसली होती.

"होते असं, बाबा. काहून एवढं मनाला लावून घेता?" ती त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती. "थोडंच कमी पडलं असेल लोकांचं मन. मी पुन्हा उभी राहणार आहे. कोणी काही म्हणो."

"राहा," काका म्हणाले.

"पण अंदाज तुम्हीच सांगायचा. पाच वर्षांनी. चुकला तरी चालेल." मग तेलाचा हात थांबवून तिने वर पाहिलं. "तुम्ही असाल ना, बाबा?"

मी दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, घसा खाकरला आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाले, "असेन ना, बेटा. कुठे जाऊन राहिलो मी?"

नीलिमा पुन्हा तेल चोळायला लागली.