नानांचं गाण्यांचं डबडं

मे महिन्यात आमच्या देवपुरात पंख्यासमोरून कोणी हलत नाही. शेजारचे नाना मात्र दारात घाम पुसत बसतात आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरवर सोडतात. कुलर का नाही? तर दमट हवा त्याला बाधते.

नाना कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. घरातल्या सगळ्या कॅसेटी त्यांनी सहा महिने खपून त्या डबड्यात भरल्या. आता तिथून ओसरीत, स्वयंपाकघरात, न्हाणीघरातसुद्धा गाणी जातात. हौस म्हणावी, तर एकही गाणं सुखानं ऐकताना मी त्यांना पाहिलं नाही. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्यांचा हात सतत डबड्याच्या पाठीवर. कसं काय विचारलं, की म्हणणार, "चालू आहे, पण भरोसा नाही."

एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले आणि प्रसादाचा द्रोण हातात धरून तसेच घरी धावले. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची शांतता त्यांना जरा लांबल्यासारखी वाटली होती.

गेल्या मे महिन्यात त्यांना जळगावला लग्नाला जाणं भाग पडलं. किल्ली माझ्याकडे आली, सोबत दोन पानी सूचना. शेवटची सूचना होती, 'घाबरू नये.' तिच्याखाली दोन रेघा.

पारोळ्याहून फोन. "ताई, चालू आहे ना?"

"चालू आहे, नाना."

एरंडोलहून पुन्हा तेच. अकराला वीज गेली. नानांनी जोडून ठेवलेली बॅटरी तासभर टिकली, मग गाणं थांबलं. जळगावहून फोन आला तेव्हा मी बेधडक सांगितलं, "चालू आहे." म्हटलं, दोन घास तरी सुखानं खातील.

अडीचच्या उन्हात फाटकाशी रिक्षा थांबली. सत्तरी ओलांडलेली एक बाई उतरली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. ती थेट नानांचं दार बडवायला लागली.

"नाना! ओ दे रे भाऊ! नाना!"

मी धावले. त्या नानांच्या थोरल्या बहीण, सोनगीरच्या अक्का. नाना बरे आहेत, लग्नाला गेलेत, हे मी तीनदा सांगितलं. फोन लावून नानांचा आवाज कानाशी धरला, तेव्हा कुठे त्या पायरीवर बसल्या.

"गानं बंद पडनं," त्या म्हणाल्या. "मी फोन करा, त्यानी उचला नही. म्हनीसन मी उनू."

पाण्याचा एक घोट आणि एक वाक्य, असं करत त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी नाना न्हाणीघरात पडले आणि दिवसभर, रात्रभर तिथेच पडून राहिले. आम्ही तेव्हा गावाला गेलो होतो. आल्यावर नानांनी "पाय मुरगळला" एवढंच सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी हे डबडं आणलं आणि अक्कांच्या घरी एक स्पीकर बसवला. नाना सकाळी उठून स्वतःच्या हातानं गाणं लावतात, तेच इंटरनेटवरून सोनगीरला वाजतं. रोज फोन करून 'मी आहे' म्हणायची त्यांना लाज वाटते.

"गानं वाजस, तोपर्यंत मना भाऊ शे," अक्का म्हणाल्या.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. मला त्यांच्याकडे बघवेना.

नाना पंगतीतून उठून आले, संध्याकाळी पोचले. मी खोटं बोलल्याचं कबूल केलं. अक्का मात्र नानांवर उखडल्या.

"जळगावले जावानं व्हतं ते सांगाले काय व्हयनं तुले?"

"तू काळजी करशी, म्हनीसन..."

"मंग आते काय मी नाचत उनू का?"

नानांनी परातीत पाणी आणलं, खाली बसून अक्कांचे उन्हानं तापलेले पाय त्यात बुडवले आणि मान वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सोनगीरच्या गाडीत बसवून नाना माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ कडीशी चाळा करत होते.

"ताई," शेवटी म्हणाले, "रोज सकाळी मला एक हाक माराल? ओ नाही दिली, तर दार फोडा."

मी बरं म्हटलं. पुढच्या सकाळी सातला बाहेर येऊन हाक मारणार, तोच "ओ!" आली. नाना अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ओसरीत उभेच होते.